आजोबांना हिरवी पट्टी

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात भांडायचं नाही, असा नियम होता. म्हणून सकाळपासून सगळे हळू आवाजात भांडत होते.

पुढच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा नेसून उभ्या होत्या. वर फुलोऱ्याच्या करंज्या आणि पापड्या टांगल्या होत्या. मागे स्वयंपाकघरात मीनाक्षी पुरण वाटत होती आणि तिची नणंद विभावरी पाटावर बसून भाज्या चिरत होती. विभावरी दरवर्षी नागपूरहून जबलपूरला माहेरी महालक्ष्म्यांसाठी यायची. भाज्या सोळा होत्या, विषय मात्र तिने सकाळपासून एकच धरला होता.

"मी काय म्हणून राहिले मीनाक्षी, पोरगी नापास झाली. झाली ना? मग आता सोडायला काय हरकत आहे?"

"एकाच प्रॅक्टिकलमध्ये, वन्सं. सोमवारी पुन्हा परीक्षा आहे तिची."

"सोमवारी होईल पास. मग तिसरं वर्ष. मग जाईल गाडीवर बसून, सायरन वाजवत. तिच्यासाठी पाहिलेल्या नागपूरच्या स्थळाने मला विचारलं, मुलगी काय शिकते. मी म्हटलं पॅरामेडिसिन. ते म्हणे, म्हणजे डॉक्टर? म्हटलं नाही. नर्स? म्हटलं नाही. मग काय? मलेच सांगता आलं नाही."

"डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर जो माणसाला जिवंत ठेवतो, तो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"दुर्वानेच. दोन वर्षं राहून राहिली ना माझ्याकडे."

विभावरीने दोडका हातात घेतला आणि तो पुष्कळ बारीक चिरला.

मीनाक्षीला तिचा राग येत नव्हता. नवऱ्याची, अविनाशची, तिला जास्त काळजी होती. तो बँकेत अधिकारी होता आणि कुठलीही गोष्ट एकदा फाइलला लागली की त्याला ती बंद करायची घाई असायची. धाकट्या भावाची मुलगी आपल्या घरी राहून नापास झाली, हे त्याला स्वतःच्या शाखेत घोटाळा झाल्यासारखं लागलं होतं. एका ओळखीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला अजून जागा होती. "आज नाना आहेत, शालिग्राम आहे, ताई आहे. जेवण झालं की ठरवून टाकू," असं तो सकाळीच म्हणाला होता.

नाना म्हणजे मुरलीधर, तिघा भावंडांचे वडील. फॅक्टरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी या घरात शेवटचा शब्द त्यांचाच होता.

दुर्वाचा बाप शालिग्राम सकाळच्या बसने सिहोऱ्याहून केळीची पानं घेऊन आला होता. तिकडे त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. बायको यंदा तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून माहेरी होती, त्यामुळे तो एकटाच आला. आल्यापासून तो कोणाशी चार वाक्यं बोलला नव्हता. मोठ्या भावासमोर तो कधीच बोलत नसे. अविनाश म्हणाला, "आज ठरवू बरं का शालू," तर त्याने पानं पुसता पुसता मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलवलेली, हे मीनाक्षीला कळलं नाही.

*

पंगत बसली. मुरलीधर नेहमीप्रमाणे पहिल्या पाटावर, महालक्ष्म्यांच्या उजव्या हाताला. त्यांच्यानंतर अविनाश, मग शालिग्राम. बायका मागून बसायच्या. दुर्वा पाणी वाढायला आली आणि सवयीने आधी आजोबांच्या पेल्याशी वाकली. ती पाच वर्षांची असल्यापासून असंच वाकत आली होती.

मुरलीधरांनी आंबिलीचा घोट घेतला. पोरीच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"काहून गं, अभ्यास झाला का सोमवारचा?"

"होऊन राहिला आजोबा."

"नाना," अविनाश म्हणाला, "तो विषय आपण जेवणानंतर..."

"मी पोरीला विचारून राहिलो. तू कढी घे." ते पुन्हा दुर्वाकडे वळले. "गेल्या वेळी कशात गेली नापास? मला कोणी नीट सांगितलं नाही."

दुर्वाने तांब्या खाली ठेवला. घरात आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. नापास झाली, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

"एका मोठ्या अपघाताची परीक्षा होती, आजोबा. खोटा अपघात. कॉलेजच्या मैदानात मुलामुलींना झोपवतात. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी असते, काय लागलं त्याची. आपण एकटं जायचं आणि सगळ्यांना पट्ट्या बांधायच्या. लाल म्हणजे याला आत्ताच उचला. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे चालता येतं, त्याला बाजूला पाठवा. आणि काळी..."

"काळी कळली," विभावरी दारातून म्हणाली. "सणाच्या दिवशी नको ते."

"मग?" मुरलीधर म्हणाले.

"आमच्या कॉलेजच्या होस्टेलचे आचारी आहेत, महाराज म्हणतात त्यांना. म्हातारे आहेत. त्यांनाही झोपवलं होतं. मनगटाला पट्टी गुंडाळून ते ओरडत होते, बिटिया, बहुत दर्द है. मी आधी त्यांच्याकडे गेले. त्यांचं धोतर सरकलं होतं ते सारखं केलं. पाणी विचारलं. आणि भिंतीपाशी एक मुलगी होती, ती काहीच बोलत नव्हती. तिच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले. मॅडम म्हणाल्या, अब क्या देख रही हो, ये तो मर चुकी."



"मग यात चुकलं काय?" विभावरी आत आली. "म्हाताऱ्या माणसाकडे आधी गेली, बरोबरच केलं. हे घरचं वळण आहे. त्या मॅडमला नसेल."

"मी तेच म्हणतो ताई," अविनाश म्हणाला. "आपल्या मुलींचं हे कामच नाही."

"चुकलंच, आत्या," दुर्वा म्हणाली. "मला पुस्तकात सगळं येतं. मनगट मोडलेला माणूस हिरवा, हे मला झोपेत विचारा. पण म्हातारं माणूस बोलावून राहिलं की पाय तिकडेच वळतात. मी वळवत नाही, ते वळतात."

मुरलीधरांना आधी बरं वाटलं होतं. नात म्हाताऱ्याकडे आधी गेली, आपल्या घरची आहे, असं त्यांच्या मनात आलं होतं. मग ते भिंतीपाशी पडलेल्या मुलीचा विचार करायला लागले आणि त्यांच्या घासाला पुरणाची चव लागेना.

"जेवण होऊ द्या सगळ्यांचं," ते म्हणाले. "बायकांचंही. मग मागच्या अंगणात या."

"ठरवायला ना?" अविनाशने विचारलं.

"झोपायला," मुरलीधर म्हणाले.

*

पट्ट्या मीनाक्षीने आणल्या. ओटीसाठी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या ब्लाउजपीसांतले लाल, पिवळे आणि हिरवे तिने कपाटातून काढले आणि कात्री न घेता हातानेच टराटरा फाडले. अविनाश बघत राहिला.

"अगं, ओटीचे आहेत ना ते?"

"अजून भरली कुठे ओटी?" ती म्हणाली.

कोणाला काय लागलं हे ठरवायचं काम तिची मुलगी शिवांगीने घेतलं. ती अकरावीत होती आणि रोज दुर्वाचं पाठांतर ऐकून तिला ते अर्धं पाठ झालं होतं. दुर्वाला आत पाठवून तिने एकेकाच्या कानात सांगितलं. पप्पांची मांडी मोडली. ती स्वतः धक्का बसून नुसती रडणार. काकांना छातीत लागलंय, त्यांनी भिंतीपाशी पडून भरभर श्वास घ्यायचा आणि बोलायचं नाही. "आजोबा, तुम्हाला फक्त मनगट. पण ओरडायचं खूप. एकदम ड्रामा, हाँ?"

"मला जमेल," मुरलीधर म्हणाले आणि धोतर सावरून फरशीवर आडवे झाले. सांध्यांनी आवाज केला.

शालिग्राम भिंतीपाशी पडला. ऊन कलतं होतं, फरशी अजून गरम होती. त्याने भरभर श्वास घ्यायला सुरुवात केली. दार उघडल्याचा आवाज आला. दुर्वा म्हणाली, "जे चालू शकतात त्यांनी तुळशीपाशी जा." आवाज इतका हळू होता की शिवांगीशिवाय कोणी उठलं नाही.

लगेच नाना ओरडले, "अगं आई गं. दुर्वे, हात गेला माझा."

शालिग्रामने डोळे किलकिले केले. मुलीचे पाय त्याच्या डोक्याजवळून पुढे गेले आणि नानांपाशी थांबले. मग ती अविनाशपाशी बसली, त्याच्या नखावर दाबून रंग पाहिला, पिवळी बांधली. शालिग्राम श्वास घेत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही. मुलगी ओलांडून गेली आणि आपल्याला काहीच वाटलं नाही, याचंच त्याला दचकायला झालं. या घरात आपण इतकी वर्षं असेच पडून आहोत, आणि ती ते बघूनच शिकली, असं त्याला वाटलं.

"टाइम," मीनाक्षी पायरीवरून म्हणाली.

"दीदी," शिवांगी रडण्याचं सोडून म्हणाली, "काका तो गए."

"शिवांगी," विभावरीने दटावलं. पण दुर्वा आधीच भिंतीकडे वळली होती. वडिलांना तिथे पाहून ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली.

"बघा," ती म्हणाली. "बाबा होते तरी."

अविनाश मांडीवरची पिवळी पट्टी सोडायला लागला. "झालं. आता बोलू या का नाना? मी तिच्याच भल्याचं सांगून राहिलो. ज्याला जे जमतं ते करावं माणसाने."

"पट्टी राहू दे तुझी," मुरलीधर पडल्या पडल्या म्हणाले. "एकदाच झालं. फॅक्टरीत कोणी एका दिवसात शिकलं नाही. दुर्वे, तुला आवाज काहून फुटत नाही?"

"तुमच्यावर कशी ओरडू आजोबा?"

"मी आजोबा नाही. मी मनगट आहे. पुन्हा कर."

दुर्वाने डोळे पुसले. "पुन्हा करायचं तर एक काळी लागते. सोमवारी असणारच. मागच्या वेळी माझा तिथेही वेळ गेला. सोडून पुढे जाता येईना."

"ताई आधीच म्हणाली, काळं नको म्हणून," अविनाश म्हणाला.

"घरात काळं कापडही नाही," मीनाक्षी म्हणाली.

शिवांगीने शाळेचा निळा मोजा आणला. सगळ्यांना तो चालण्यासारखा वाटला. पण मेलेलं व्हायला कोणी तयार होईना. शिवांगी म्हणाली तिला हसू येईल. मीनाक्षीला घड्याळ बघायचं होतं.

विभावरी पायरीवर बसून होती. तिचे यजमान नागपूरच्या रस्त्यावर लखनादौनच्या पुढे बसच्या अपघातात गेले, त्याला बारा वर्षं झाली होती. ती पोचली तेव्हा त्यांच्यावर चादर होती. कोणाची चादर, कोणी घातली, केव्हा घातली, हे तिला कधी कळलं नाही. त्या विषयावर ती बोलत नसे आणि तिच्यासमोर घरातलंही कोणी बोलत नसे.

"काळ्याला काय करतात गं?" तिने विचारलं.

"श्वास नसेल तर हनुवटी वर करून रस्ता मोकळा करायचा, आत्या. पुन्हा बघायचं. आला तर लाल. नाही आला तर पट्टी बांधून पुढे."

"म्हणजे बघतात तरी."

"बघावंच लागतं. बघितल्याशिवाय काळी बांधता येत नाही."

"कोणीही असलं तरी? कडेला पडलेला असला, काही बोलत नसला तरी?"

"त्याच्याकडेच आधी जायचं असतं, आत्या."

विभावरीने चष्मा काढून मीनाक्षीच्या हातात दिला. जरीच्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

"सरक रे शालू," ती म्हणाली. "मी झोपते."

*

दुर्वा आत स्वयंपाकघरात उभी राहिली. बाहेर कुजबुज चालू होती, मग थांबली. मीनाक्षीने हाक मारली.

ती दारात आली आणि पुढे गेली नाही. पायरीवरच उभी राहिली.

"ज्यांना चालता येतं त्यांनी उठा आणि तुळशीपाशी जा."

शिवांगी रडत गेली. आजोबा तिथेच पडून कण्हत होते. त्यांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि जास्तच कण्हायला लागले.

"आजोबा, उठा."

"हात गं माझा..."

"हात मोडला, पाय नाही. उठा. तुळशीपाशी."

मुरलीधरांना या आवाजात कोणी बोलल्याला किती वर्षं झाली असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते एका हाताने उठले, धोतर झटकलं आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखे तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. शिवांगीने त्यांच्या दंडाला हिरवी पट्टी बांधली.

दुर्वा त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती थेट त्या कोपऱ्यात गेली जिथून काही ऐकू येत नव्हतं. बाबांच्या छातीवर हात ठेवला, श्वास मोजला, लाल बांधली. मग आत्या. आत्याच्या नाकाशी गाल नेला. दोन बोटांनी हनुवटी वर केली. थांबली, छातीकडे बघत. मग निळा मोजा आत्याच्या मनगटाला बांधला आणि उठली. मागे न बघता ती अविनाशकाकाकडे गेली.

"टाइम," मीनाक्षी म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "उरला थोडा."

सगळे उठले. विभावरी उठली नाही. मीनाक्षी घाईने तिच्याकडे गेली, तर ती डोळे मिटून शांत पडली होती आणि डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं.

"वन्सं?"

"काही नाही गं. ऊन लागून राहिलं डोळ्यावर." डोळे न उघडता ती म्हणाली, "थंड होती बोटं पोरीची. बघून गेली मला. नीट बघून गेली." मग तिने चष्म्यासाठी हात पुढे केला. "अविनाश, तुझी ती बी.एस्सी. तू ठेव तुझ्याजवळ."

"ताई, तूच तर सकाळी म्हणत होतीस."

"सकाळी मी इथे झोपले नव्हते."

अविनाशने हसण्याचा प्रयत्न केला. "घरचा खेळ वेगळा. सोमवारी पुन्हा गेली तर? तीन वर्षं घालवून मिळालेल्या या डिग्रीला जबलपुरात कोण विचारणार? मी नाही म्हणत नाही, पण कोणीतरी विचार करायला हवा ना."

"दादा," शालिग्राम म्हणाला.

तो अजून भिंतीला टेकून बसला होता. दंडावर लाल पट्टी होती. अविनाशने वळून पाहिलं, कारण हा आवाज त्याच्या ओळखीचा असला तरी या वेळी तो येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ती सोमवारी परीक्षा देईल. नाही झाली तर पुन्हा देईल. तिसरं वर्षही करेल. तुझ्या घरी राहून करेल, मला तेच आवडेल. तुला जड जात असेल तर सिहोऱ्याहून बसने येईल-जाईल. पण करेल. मी तुला विचारून नाही राहिलो, दादा. सांगून राहिलो."

अविनाश लाल झाला. त्याने नेहमीसारखं वडिलांकडे पाहिलं.

"नाना, तुम्ही सांगा."

मुरलीधर तुळशीपाशीच उभे होते. उठा म्हटल्यावर उठलेले, पण जा असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"मला काहून विचारतो? मला तिने बाजूला उभं केलं आहे."

आधी शिवांगी हसली, मग मीनाक्षी. अविनाशने मांडीची पिवळी पट्टी सोडली, तिची घडी केली आणि काय करावं न कळून खिशात घातली. "जड कोणाला जातं," तो शालिग्रामकडे न बघता म्हणाला. "बसने काय ये-जा करायची. खोली आहे तिची इथे." मग बायकोला म्हणाला, "चहा ठेवते का?"

"ठेवते," मीनाक्षी म्हणाली. "आणि सोमवारी तिला कॉलेजात तुम्ही सोडा. तुमच्या गाडीने."

*

सोमवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर मॅडमनी शिट्टी वाजवली तेव्हा महाराज अगदी पुढ्यातच पडले होते. या वेळी त्यांनी कपाळाला हळद-कुंकवाचं रक्तही लावून घेतलं होतं.

"बिटिया, इधर तो देखो पहले."

दुर्वाचे पाय वळले. खरंच वळले. तिने ते थांबवले.

"जो चल सकते हैं, सब उठकर नीम के नीचे जाइए. महाराज, आप भी."

"अरे, मैं बूढ़ा आदमी..."

"उठिए महाराज. नीम के नीचे."

ते पुटपुटत उठले. तोवर ती पुढे गेली होती. ओरडणाऱ्यांना ओलांडत ती मैदानाच्या कडेला पोचली. तिथे उभ्या केलेल्या स्कूटरमागे एक धिप्पाड मुलगा पालथा पडला होता. त्याचा आवाज येत नव्हता. गळ्यातली पाटी अंगाखाली दबली होती. तिने त्याला सावरून वळवलं, पाटी वाचली, हनुवटी वर केली. पाटीच्या मागे लिहिलं होतं, रास्ता खुलते ही साँस आई. तिने लाल बांधली आणि हात वर करून हाक मारली, "इसको पहले उठाओ." तिचा आवाज फाटकापर्यंत गेला असावा, कारण फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा असलेला अविनाश सरळ झाला.

शेवटची पट्टी बांधून झाली तेव्हा मॅडमनी कागदावर खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"पास," त्या म्हणाल्या. "पिछली बार तो आवाज ही नहीं थी तुम्हारी. किसने प्रैक्टिस कराई?"

"घरवालों ने, मॅडम."

"डॉक्टर हैं घर में?"

"नहीं मॅडम," दुर्वा म्हणाली. "बस, सब आँगन में लेट गए थे."